परमुलखातील शिदोरी

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची पत्रे हल्ली दूरदूरच्या देशांतून येतात. कोणी शिक्षणासाठी गेलेला असतो, कोणी नोकरीसाठी. आणि अलीकडे नुसता मुलूख पाहावा म्हणून पाठीवर सॅक टाकून निघणारेही काही आहेत. सुटीत भेटावयास आलेल्या या मंडळींचा मला एक प्रश्न ठरलेला असतो : "सर, एवढ्या थोड्या पैशांत तुम्ही इतके देश हिंडलात, मग खात काय होता?" प्रश्न थट्टेने विचारलेला असला तरी तो अगदी मुद्द्याचा आहे. विमानाचे भाडे कोणालाच फारसे चुकविता येत नाही. निजण्याची सोय स्वस्त वसतिगृहांतून होते आणि तीही एकदाच ठरवावयाची असते. पोट मात्र दिवसातून तीनदा हिशेब मागते. प्रवाशाची थैली फाटते ती तेथे, आणि प्रकृती बिघडते तीही तेथेच.

या बाबतीत नवखा प्रवासी दोन तऱ्हांनी फसतो. पहिली तऱ्हा सर्वांच्या परिचयाची आहे. परके पदार्थ नकोत, परकी भाषा नको, म्हणून तो प्रेक्षणीय स्थळासमोरच्या, दारात चार भाषांतील दरपत्रक टांगलेल्या हॉटेलात शिरतो आणि बेचव अन्नाला तिप्पट पैसे मोजून बाहेर येतो. दुसरी तऱ्हा काटकसरीच्या नावाखाली अर्धपोटी राहण्याची. ती अधिक घातक. कारण पहिल्या तऱ्हेत माणसाला आपण फसलो हे लगेच कळते, दुसरीत तो स्वतःला शहाणा समजत असतो. हा शहाणपणा मी स्वतः केलेला आहे, म्हणून तो आधी सांगतो.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. शिकवण्या करून साठविलेले काही आणि वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून काढून दिलेले काही, असे पैसे घेऊन मी इस्तंबूल शहरी उतरलो. वडिलांच्या त्या पैशांचे मनावर इतके दडपण होते की प्रत्येक नाणे खर्चताना हात अडखळे. इस्तंबूलच्या चौकाचौकांत लाल रंगाच्या हातगाड्यांवर सिमित नावाचा पाव मिळतो. कड्यासारखा गोल, द्राक्षांच्या काकवीच्या पाण्यात बुचकळून, तिळात घोळवून भाजलेला. खमंग लागतो आणि स्वस्त असतो. मी सकाळी सिमित खाऊ लागलो, दुपारी सिमित, रात्री साधा पाव. आणि भूक फारच खवळली की चौकातल्या खुर्चीवर बसून कमरेशी निमुळत्या अशा इवल्या पेल्यातला बिनदुधाचा चहा. दिवसाकाठी पंधरा-सोळा किलोमीटर चालणे होई. रात्री वहीत शिल्लक मांडताना मोठी धन्यता वाटे.

आठव्या दिवशी गलाता भागातला उभा चढ चढत असताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी एका दुकानाच्या पायरीवर मटकन बसलो. समोर एक लहानशी खाणावळ होती. तिचा वयस्क मालक बाहेर आला, दंडाला धरून त्याने मला आत नेले. त्याला इंग्रजी येत नव्हते, मला तुर्की येत नव्हते. त्याने मसुरीच्या डाळीचे कढत सार, लिंबाची फोड आणि पावाची टोपली पुढे ठेवली. ते संपताच पांढऱ्या घेवड्याची टोमॅटोतली उसळ आणि भात आला. मी प्रवासापूर्वी पाठ केलेल्या दहा शब्दांपैकी एक वापरला : 'एत?', म्हणजे मांस? त्याने हनुवटी किंचित वर उचलून 'च्यक्' केले. आपल्याकडचा नकार आणि तुर्कांचा नकार एकाच आवाजाचा आहे हे पाहून त्या अवस्थेतही मला हसू आले.

निघताना त्याने पैसे घेतले, आणि ते अगदी चोख हिशेबाने. तो आकडा पाहून मात्र मी चकित झालो. मोठ्या चौकातले तीन-चार चहा आणि सिमिते यांवर मी रोज जे खर्चीत होतो, त्याहून हे पोटभर जेवण किंचितच महाग होते. आठ दिवस मी उपाशी राहिलो होतो तो जवळजवळ फुकट. वाचवले होते ते इतके थोडे, की ते सांगावयासही लाज वाटावी.

येथे थोडे आहारशास्त्र सांगणे अवश्य आहे. पाव हे वाईट अन्न नव्हे. पण पाव आणि चहा हा आहार नव्हे. गहू-तांदळातील प्रथिनांत लायसिन या घटकाची उणीव असते, कडधान्यांत तो भरपूर असतो. उलट कडधान्यांत मेथायोनिन कमी असते, ते धान्यांत पुरेसे असते. दोन्ही एका दिवसाच्या जेवणात आली की एकमेकांचे उणे भरून निघते. शंभर ग्रॅम कोरड्या मसुरीच्या डाळीत चोवीस-पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. आपल्या आज्यांना लायसिन ठाऊक नव्हते, वरण-भात ठाऊक होता. आणि नवल असे की ज्या ज्या देशातील कष्टकऱ्यांनी गरिबीत पिढ्यान् पिढ्या काढल्या, त्या बहुतेकांनी आपापला वरण-भात शोधून ठेवलेला आहे. तो कोठे आणि कोणत्या वेळी मिळतो हे हुडकणे, एवढेच प्रवाशाचे काम.

अर्धपोटी राहून शहाणे होणारा मी काही पहिला नव्हे. १८८८ साली अठरा वर्षांचे मोहनदास गांधी लंडनला गेले, तेव्हा मांस न खाण्याचे वचन आईला देऊन गेले होते. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे की आपण रोज दहा-बारा मैल चालत असू, एखाद्या स्वस्त उपाहारगृहात शिरून पोटभर पाव खात असू, आणि तरी तृप्ती होत नसे. अशाच एका भटकंतीत त्यांना फॅरिंग्डन रस्त्यावरचे शाकाहारी भोजनगृह सापडले. पुढे त्यांनी खर्च आणखी कमी केला, पण आता उपास करून नव्हे. खोलीत शेगडी ठेवून सकाळी ओटची लापशी व कोको, दुपारचे जेवण बाहेर, रात्री पाव आणि कोको. एक शिलिंग तीन पेन्समध्ये दिवस निघू लागला. स्वतः शिजविणे आणि दुपारी बाहेर जेवणे, ही दोन्ही तत्त्वे यात आली आहेत. दुपारचे आधी पाहू.

ज्या खाणावळीत मला जीवदान मिळाले तिला तुर्कस्तानात 'एस्नाफ लोकांतासी' म्हणतात. एस्नाफ म्हणजे बाजारपेठेतील कारागीर आणि दुकानदार. 'लोकांता' हा शब्द ऐकून आपल्या 'लोक' शब्दाशी त्याचे नाते असावे असा मोह होतो. परंतु तो इटालियन भाषेतून तेथे गेलेला आहे. येथे छापील दरपत्रकाचे फारसे काम पडत नाही. आत शिरताच वाफेवर ठेवलेली दहा-बारा पातेली दिसतात. हवे त्याकडे बोट दाखवावे, ताट भरून मिळते. भाषा येत नसलेल्या माणसाला याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार?

ही जागा स्वस्त का असते, याचा विचार केला म्हणजे जगातील कोणत्याही गावी तशी जागा ओळखता येते. येथे जेवणारी माणसे रोज तीच असतात. शेजारचा शिंपी, कुलपे दुरुस्त करणारा, गोदामातले हमाल. रोजच्या गिऱ्हाइकाला एकदा फसविता येईल, दुसऱ्या दिवशी नाही. पदार्थ मोठ्या पातेल्यात एकदाच शिजतात, म्हणून जळण आणि मजुरी वाचते. आणि दुपारी पातेली रिकामी होतात, म्हणून शिळे उरत नाही. स्वस्ताई, चव आणि ताजेपणा ही तिन्ही एकाच कारणातून निघतात. इंदूरकरांना हे वेगळे समजावून देण्याची गरज नाही. सकाळी कोणत्या गाडीवर पोहे खावेत आणि रात्री सराफ्यात सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर कोणत्या ओट्यापुढे उभे राहावे, हे आपण पाटी वाचून ठरवीत नाही. गर्दी कोणाची आहे आणि कढई किती वेळा रिकामी होते हे पाहून ठरवितो. तोच डोळा परदेशी न्यावा. तेथे गेल्यावर आपण तो का मिटून घेतो, कळत नाही.

वेळेचे महत्त्व मात्र मला उशिरा कळले. अशा पुष्कळ खाणावळी संध्याकाळी मिटतात, आणि दुपारी दोननंतर गेलो तर चांगली पातेली खरवडलेली असतात. म्हणून मुख्य जेवण दुपारी, आणि तेही त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे. इस्तंबूलला बारा-साडेबाराला जावे. स्पेनमध्ये मात्र दोनच्या आत जेवणाची वेळ होतच नाही. तेथे 'मेनू देल दिआ' नावाची पद्धत आहे : ठरावीक किमतीत दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी फळ किंवा गोड. १९६० च्या दशकात पर्यटकांसाठी सरकारने असे ठरावीक दराचे ताट ठेवण्याचा नियम केला, आणि पुढे तेच ताट तेथील नोकरदारांचे रोजचे जेवण होऊन बसले. त्याच उपाहारगृहात रात्री गेलात तर पदार्थ एकेक करून मागवावे लागतात आणि बिल सहज दुप्पट होते.

तुर्कस्तानातून मी कैरोस गेलो. तेथे सकाळी गाड्यांवर 'फूल' मिळते. हे पुष्प नव्हे! फूल म्हणजे बाकल्याच्या जातीचे मोठे दाणे. निमुळत्या गळ्याच्या मोठ्या भांड्यात ते मंद आचेवर रात्रभर शिजतात. सकाळी डावाने काढून त्यांवर तेल, जिरे, लिंबू घालून पावाबरोबर देतात. कैरोतील शेकडो कामकरी उभ्या उभ्या ते खाऊन कामावर जातात आणि दुपारपर्यंत त्यांना भूक लागत नाही. त्याच दाण्यांचे भिजवून वाटून केलेले हिरवे वडे म्हणजे 'तामिया'. आपल्या मूगवड्याशी त्याचे इतके साम्य आहे, की पहिला घास घेताच मी नकळत चटणी शोधू लागलो.

दुपारी कोशरी. भात, अख्खे मसूर, मॅकरोनी, शेवया, वर हरभरे, टोमॅटोचा आंबटसर रस, लसूण घातलेला व्हिनेगर आणि भरपूर तळलेला कांदा. वर्णन ऐकून ज्याला हसू येते त्याने ती एकदा खाऊन पाहावी. कोशरीच्या दुकानात दुसरे काही विकतच नाहीत म्हटले तरी चालेल. तांब्या-पितळेच्या मोठ्या भांड्यांवर पळ्यांचा खणखणाट चाललेला असतो आणि अर्ध्या मिनिटात वाडगा पुढे येतो. या शब्दाचे आपल्या खिचडीशी नाते पुष्कळजण जोडतात. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी आपल्या देशात आला होता; गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत तो पोहोचला होता. तांदूळ आणि मूग एकत्र शिजवून तुपाबरोबर सकाळी खातात आणि त्यास 'किश्री' म्हणतात, असे त्याने टिपून ठेवले आहे. परदेशी गेल्यावर तेथील सामान्य माणूस न्याहारीला काय खातो हे पाहणारा तो खरा प्रवासी! सहाशेहून अधिक वर्षांनंतर कैरोत वाडगा हातात घेऊन मी त्याची उसनवारी फेडीत होतो, असे मला उगीचच वाटले.

परंतु कैरोत स्वस्ताईची दुसरी बाजूही दिसली, आणि ती विद्यार्थ्यांना सांगितली पाहिजे. तेथे पावाला 'एश' म्हणतात, आणि एश म्हणजे जीवन. गरिबांना मिळणाऱ्या सरकारी पावाची किंमत अनेक वर्षे पाच पियास्टरवर गोठविलेली होती. जून २०२४ मध्ये ती वीस पियास्टर झाली. १९७७ च्या जानेवारीत अन्नावरील सरकारी साहाय्य कमी करण्याचे जाहीर होताच देशभर दंगली उसळल्या आणि सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला. एवढे मोल त्या भाकरीला आहे. ती शिधापत्रिकेवरची भाकरी आहे, प्रवाशासाठी नाही. मी एकदा अजाणतेपणी त्या रांगेत उभा राहिलो. मागच्या बाईने काही न बोलता माझ्याकडे नुसते पाहिले. मला अर्थ कळला आणि मी बाजूला झालो. पाव पलीकडच्या साध्या दुकानात थोड्या अधिक किमतीला मिळत होता, आणि ती किंमत मला मुळीच जड नव्हती. स्वस्त खावे, पण ज्याच्याजवळ तेवढेच आहे त्याच्या वाट्यातले खाऊ नये. घासाघीसही भाजीच्या टोपलीवर करू नये. फार तर शोभेच्या वस्तूंवर करावी.

पूर्वेकडच्या देशांत पोटाची सोय सर्वांत उत्तम आहे. सिंगापूरसारख्या महागड्या शहरातही हॉकर सेंटर नावाच्या छपराखालच्या भोजनबाजारात सामान्य माणसाला परवडेल असे गरम अन्न मिळते. पूर्वी हे विक्रेते रस्त्यावर बसत. सरकारने त्यांची नोंद केली, पाणी आणि मोऱ्यांची सोय असलेली केंद्रे बांधली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सर्वांना तेथे नेऊन बसविले. २०२० साली युनेस्कोने या संस्कृतीची आपल्या वारशाच्या यादीत नोंद केली. मेजावर कागदी रुमालाचे पाकीट ठेवले की ती जागा राखलेली समजावयाची, असा तेथे रिवाज आहे. मी पहिल्या दिवशी ते पाकीट कोणाचे तरी विसरलेले समजून उचलून परत करावयास निघालो होतो! जेवण झाल्यावर आपले ताट आपण उचलून ठेवणे तेथे २०२१ पासून सक्तीचे आहे.

मलेशियातील पेनांगला 'नासी कंदार' नावाचे जेवण प्रसिद्ध आहे. नासी म्हणजे भात, आणि कंदार म्हणजे खांद्यावरचा दांडा, आपली कावड. तामीळ मुसलमान विक्रेते एका बाजूला भात आणि दुसऱ्या बाजूला कालवण असे कावडीतून घेऊन बंदरातील मजुरांना विकीत. आता कावड गेली, नाव राहिले. जेवणाच्या नावातच ते कोणासाठी होते हे सांगितलेले असले, म्हणजे प्रवाशाने निर्धास्तपणे आत शिरावे. व्हिएतनाममध्ये तर 'कॉम बिन्ह झान' म्हणजे सरळ सरळ 'सामान्यजनांचा भात' अशी पाटीच असते.

शाकाहाऱ्यांची अडचण मात्र याच देशांत अधिक. भाजीवर मासा दिसला नाही म्हणजे ती भाजी बिनमाशाची, असे नाही. व्हिएतनाम-थायलंडात मिठाऐवजी माशाचे पाणी घालतात. जपानात साध्या दिसणाऱ्या सारातही सुकविलेल्या माशाचा अर्क असतो. तुर्कस्तानातील भातालासुद्धा कधी कोंबडीच्या रश्शाचे पाणी असते. यावर उपाय म्हणजे त्या देशातील स्वतःची शाकाहाराची परंपरा शोधणे. व्हिएतनाममधील पुष्कळ बौद्ध लोक चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार टाळतात. तेथे शाकाहारी अन्नाला 'चाय' म्हणतात. आपण चहाच्या आशेने 'चाय, चाय' म्हणावे आणि समोर सोयाबीनच्या पनीराचा भात यावा, असा घोटाळा माझ्या बाबतीत झालेला आहे; त्याबद्दल माझी तक्रार नाही. थायलंडात पिवळ्या पताकेवर तांबड्या अक्षरांत 'जे' हा शब्द दिसला की तेथे मांस, मासे आणि अंडी नाहीत; लसूणसुद्धा नसतो. 'मी शाकाहारी आहे' एवढ्यावर कोठेही भागत नाही. काय काय चालत नाही त्याची यादी त्या देशाच्या लिपीत कोणाकडून तरी लिहून घ्यावी, आणि तो कागद आचाऱ्याला दाखवावा, वाढप्याला नव्हे. भ्रमणध्वनी भाषांतर करतो हे खरे. पण भर दुपारी वाफेच्या पातेल्यामागे उभ्या असलेल्या माणसाला कागद दाखविणेच सोपे पडते.

पाण्याविषयी थोडक्यात. जेथील नळाचे पाणी तेथील लोकच उकळून पितात, तेथे आपणही उकळलेले प्यावे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते, दोन हजार मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे. बर्फ हे पाणीच आहे, हे उन्हात आठवत नाही. शिजवून तासन् तास तसाच ठेवलेला भात टाळावा, कारण त्यातील काही जंतूंचे बीज शिजविण्याने मरत नाही. आणि पोट बिघडलेच तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण पाठ असू द्यावे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य पटकीचे रोगी वाचविले. साखर कमी चालेल, मीठ मात्र प्रमाणाबाहेर जाता कामा नये. दोन दिवसांत उतार पडला नाही किंवा शौचावाटे रक्त पडले, तर काटकसर विसरून डॉक्टर गाठावा.

आता स्वतः शिजविण्याविषयी. स्वित्झर्लंड, नॉर्वे अशा देशांत दुपारचे साधे जेवणही आपल्या खिशाला पेलत नाही. तेथे तरुणांसाठी असलेल्या वसतिगृहांतील स्वयंपाकघर हाच आधार. या वसतिगृहांची कल्पना एका शाळामास्तरांची आहे, हे आपण अभिमानाने सांगितले पाहिजे. रिचर्ड शिरमान हे जर्मन शिक्षक १९०९ साली मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले असता वादळात सापडले आणि एका गावच्या शाळेत त्यांनी रात्र काढली. सुटीत रिकाम्या पडणाऱ्या शाळा सहलीच्या मुलांना निजावयास का देऊ नयेत, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. पुढे आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे वसतिगृह उभे राहिले. आज अशा पुष्कळ वसतिगृहांत भांडी, शेगडी आणि मीठ-तेलाची सोय असते. सामान आपण आणावे, शिजवावे आणि भांडी घासून ठेवावीत.

सामान कोठून आणावे? युरोपात दुकाने मिटण्याच्या सुमारास पाव आणि भाज्या उतरत्या भावाने मिळतात. झुरिकमध्ये बाराशेहून अधिक सार्वजनिक कारंजी आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे आहे. तेथे पाण्याची बाटली विकत घेणे ही चैन होय. डाळ-तांदूळ मात्र बाहेरून आलेल्या लोकांच्या दुकानांत शोधावेत. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगारांचा करार केला. त्यानंतर आलेल्या लोकांबरोबर त्यांची दुकानेही आली, आणि आता जर्मन भाषेच्या मुलखात लहानशा शहरातही मसुरीची डाळ, तांदूळ, टरबुजासारखी मोसमी फळे तुर्की दुकानात वाजवी भावाने मिळतात. इस्तंबूलच्या म्हाताऱ्याचे ते सार मला असे आल्प्सच्या पायथ्याशी पुन्हा भेटले.

घरून काय न्यावे याविषयी आई-आजींचा आग्रह मोठा असतो. तेव्हा हा भाग त्यांना वाचून दाखवावा. हळद, तिखट, जिरे-मोहरी आणि हिंगाची घट्ट झाकणाची डबी पुरे. हिंगाची डबी दोन पिशव्यांत गुंडाळावी, नाहीतर खोलीतील आठही जण रात्री खिडक्या उघडतील. तूप, पनीर, मांस हे पदार्थ युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून नेण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये तर विमानात उरलेले सफरचंदसुद्धा न सांगता नेले तर दंड होतो. जे जवळ असेल ते उतरताच कागदावर लिहून द्यावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खसखस. आपल्या अनारशांवर ती असते, पुष्कळ घरांच्या गोड्या मसाल्यातही असते. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस निषिद्ध आहे; अमली द्रव्यांचा कायदा तिला लागू होतो. दुबईला उतरणाऱ्या मुलाच्या पिशवीत प्रेमाने बांधून दिलेले अनारसे त्याला कचेरीत नेऊन बसवू शकतात.

आल्प्सच्या पायथ्याच्या त्या वसतिगृहात मी शेवटच्या रात्री खिचडी केली. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मसुरीची डाळ, कांदा, हळद, हिंगाची फोडणी. मसुरीची डाळ भिजत घालावी लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत सर्व काम आटोपते. शेजारच्या शेगडीवर एक पोलिश मुलगा तिसऱ्या दिवशीही कोरडा पाव आणि जॅम खात होता आणि वहीत काहीतरी बेरीज करीत होता. ती वही मी ओळखली. त्याला एक ताटली भरून दिली. तो आधी नको म्हणाला, मग दुसऱ्यांदा मागून घेतली. सकाळी निघताना उरलेली अर्धा किलो डाळ, तांदूळ आणि हळदीची पुडी मी स्वयंपाकघरातल्या 'कोणीही घ्यावे' अशा फळीवर ठेवली आणि पाण्याचे प्रमाण एका चिठ्ठीवर लिहून डाळीच्या पिशवीला टाचले. हिंगाची डबी मात्र मी परत बांधून घेतली; माझ्यापुढे अजून दोन देश होते.